सबनीस डॉक्टरांची आंधळी पाळी

डॉक्टर सबनिसांचा विजेवर काडीचाही विश्वास नव्हता. कुणी सुनेवर संशय घेतं, कुणी भाडेकरूवर. हे बटणावर घ्यायचे. दिवा लागला की मान वर करून त्याच्याशी बोलायचे, "आलात? बसा. पण तुमच्या भरवशावर मी काही सुरू करणार नाही." दिव्याला अहोजाहो करणारा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता. पहिल्याच दिवशी मनात आलं, बापरे, कुणाच्या हाती सापडले मी!

इंदूरला नर्सिंग शिकून मी नुकतीच घरी उज्जैनला परतले होते. संस्थान जाऊन मध्यभारत झाला होता. ज्यांचे आजे-पणजे ग्वाल्हेर दरबारची दप्तरं सांभाळत आले ती आमची मंडळी आता नव्या सरकारात चिकटायला धडपडत होती. वडील म्हणाले, "सबनीस डॉक्टर आपल्यातले आहेत, जा त्यांच्याकडे." आपल्यातले होते हे खरं, पण स्वभावानं ते कुणातलेच नव्हते. फ्रीगंज वस्तीत घड्याळाच्या टावरच्या मागच्या गल्लीत खाली दवाखाना, वर बिऱ्हाड. बायको लवकर गेलेली, मुलगा पुण्याला. उंच, वाकलेले, धोतरावर बंद गळ्याचा कोट, आणि आवाज असा की शेजारच्या गल्लीतल्या रोग्यानंही जीभ बाहेर काढावी.

तेव्हा फ्रीगंजात बत्ती होती, पण तिच्या मर्जीनं. आली तर आली. वारा सुटला की गेली, पाऊस पडला की गेली, आणि कधी कधी आकाश स्वच्छ असताना नुसती आपली गेली. इतर डॉक्टर अशा वेळी बाहेर ओट्यावर येऊन पंख्यानं वारा घेत बसायचे. सबनीस डॉक्टरांचं काम मात्र जराही थांबायचं नाही. विजेच्या भांड्यात सुया उकळत असल्या तरी शेजारी स्टोव्ह भरून, पिन खुपसून तयार. प्रत्येक खोलीत कंदील, त्याची वात कापलेली, काच पुसलेली. काड्याची पेटी झाकणाच्या बरणीत, म्हणजे पावसाळ्यात ओल धरायला नको. घटसर्पाचं विष उतरवायची लस बर्फाच्या पेटीत. ती पेटी त्यांनी स्वतः सुताराकडून करून घेतली होती, दुहेरी फळ्या आणि मध्ये भुसा. बर्फवाल्यानं एक दिवस नागा केला तर डॉक्टर सायकल काढून त्याच्या दारात उभे राहायचे.

आणि मग ती आंधळी पाळी.

दर गुरुवारी दुपारी रोगी पांगले की दार लोटायचं आणि आमच्या डोळ्यांवर पट्टी. आमच्या म्हणजे माझ्या आणि कंपाउंडर शर्माजींच्या. मग डॉक्टर खुर्चीत बसून एकेक नाव घ्यायचे. "चिमटा." आपण चाचपडत कपाटाशी जायचं आणि चिमटा काढून द्यायचा. "टाक्याची सुई. टिंक्चर. मोठी पट्टी." प्रत्येक वस्तूची जागा ठरलेली, एक बोटभरही इकडेतिकडे नाही. विषारी औषधांच्या बाटल्यांच्या गळ्याला टाक्याचा दोरा गुंडाळलेला, म्हणजे अंधारात हाताला कळावं की ही बाई तापट आहे. "वस्तू जागेवर, तर जीव जागेवर," हे त्यांचं पालुपद. मी इतक्या वेळा ऐकलंय की घरी पळी सापडली नाही तरी माझ्या तोंडून तेच निघायचं.

शर्माजी उज्जैनचेच, बोलायला मिश्कील. पट्टी बांधून घेताना म्हणायचे, "डॉक्टर साब, आदमी अंधा हो जाए तब भी यहाँ नौकरी पक्की है." डॉक्टर हसायचे नाहीत. आंधळ्या पाळीत हसणं मना होतं. एकदा माझी पाळी होऊन पट्टी सुटल्यावर शर्माजींनी गप्पांच्या नादात दोऱ्याची बाटली उचलून पुढे केली. डॉक्टर उठले, शर्माजींच्या डोळ्यांवरची पट्टी सोडली, आणि बाटलीतलं औषध चमच्यात ओतून तो चमचा त्यांच्या ओठांपाशी धरला. "पियो."

शर्माजींचा चेहरा पांढरा पडला.

"नहीं पिओगे ना? तो उस बच्चे को क्यों पिला रहे थे?"

तिथं कुठलंही मूल नव्हतं. रिकामी खोली, आम्ही तिघं, आणि बाहेर रणरणतं ऊन. पण त्या क्षणी मला खरंच वाटलं की टेबलावर कुणीतरी पोर आहे आणि आम्ही त्याला मारणार होतो. राग आला तो वेगळाच. ही काय शिकवायची पद्धत झाली? घरी जाऊन आईला सांगितलं, उद्यापासून जाणार नाही. दुसऱ्या दिवशी गेलेच.

हे वेड त्यांना कुठून लागलं, त्याबद्दल मोहल्ल्यात नाना कथा होत्या. कुणी म्हणे संस्थानी दवाखान्यात असताना काहीतरी झालं, कुणी म्हणे बायकोच्या आजारपणात. मी एकदा धीर करून विचारलं. ते म्हणाले, "सुमन, तू भाजीत मीठ का घालतेस असं तुला कुणी विचारतं का?" विषय संपला.

त्यांचे एक जुने डॉक्टर मित्र इंदूरहून आले होते. आमचे कंदील बघून त्यांना हसू आवरेना. "अहो सबनीस, देश स्वतंत्र झालाय! धरणं बांधताहेत. आता नवं राज्य होतंय, राजधानी भोपाळला जातेय. घरोघरी वीज येणार, आणि तुम्ही वाती कापत बसलात?"

डॉक्टर शांतपणे म्हणाले, "येऊ दे की, आनंद आहे. मी पेढे वाटीन. पण आज संध्याकाळी जो माझ्या टेबलावर आडवा होईल, त्याला धरणाचा काय उपयोग?"

त्याच वर्षीची, नवं राज्य व्हायच्या तोंडावरची, ही खंडेनवमी.

खंडेनवमीला आपल्याकडे हत्यारं पुजतात. सुतार करवत पुजतो, दर्जी कैची पुजतो, सबनीस डॉक्टर चाकू-कात्र्या पुजायचे. आणि हा माणूस एरवी देवाधर्माच्या नावानं शून्य, पण या एका पूजेत त्यांचा कडकपणा भटजींना लाजवील असा. सगळं कपाट रिकामं करायचं. एकेक वस्तू धुऊन, पुसून पाटावर मांडायची, हळदकुंकू वाहायचं, झेंडूचं फूल ठेवायचं, आणि दसऱ्याच्या सकाळपर्यंत हात लावायचा नाही. "वर्षभर राबतात बिचारी," म्हणायचे. "एक दिवस तरी रजा नको?" सकाळी निकडीचे रोगी पाहून दुपारी दवाखाना बंद व्हायचा.

त्या वर्षी त्यांना आणखी उत्साह आला होता. म्हणाले, कंदीलही पुजायचे, स्टोव्हही पुजायचा, त्यांनी काय पाप केलंय? मग स्वतः धोतर खोचून बसले. कंदिलातलं तेल डब्यात परत ओतलं, वाती साबणानं धुऊन वाळत घातल्या, स्टोव्ह खोलून त्याची पितळी टाकी चिंचेनं चकचकीत केली. हातातल्या बॅटरीचे सेल काढून ठेवले आणि तिलाही कुंकू लावलं. फक्त बर्फाची पेटी जागची हलवली नाही, कारण बर्फाला सणवार कळत नाही. दिवेलागणीला मी आणि शर्माजी प्रसादाला गेलो तर काय थाट होता! समई तेवतेय, वर बल्ब, आणि पाटावर सगळा दवाखाना नवरीसारखा नटलेला. डॉक्टर खूश होते. मला म्हणाले, "बघ गं, कसे दिसताहेत!"

आणि बत्ती गेली.

आम्ही हसलो. खरंच हसलो तिघंही. शर्माजी म्हणाले, "देवी ने भी छुट्टी ले ली." तेवढ्यात दार धडधडलं.

गावाबाहेरच्या भैरवगढचा हबीब छीपा, कपडा छापणारा. दसऱ्याच्या बाजारासाठी टावरपाशीच्या दुकानात माल द्यायला आला होता. मुलीचा घसा दुखत होता म्हणून येता येता डॉक्टरांना दाखवू, असं ठरवून तिला बरोबर घेतलेली. बायको घरी बाळंतीण. दुकानात माल मोजून घेईपर्यंत पोरीला श्वास घेता येईना झाला, आणि तो तिला खांद्यावर टाकून धावत आला होता. ज़ुबैदा तिचं नाव. शाळेत घालायचं वय झालेलं, पण अंगानं चिमणीएवढी.

"साब, देखिए ना, सांस नहीं ले पा रही."

समईच्या उजेडात मी तिचा चेहरा पाहिला. ओठ काळसर. श्वास आत ओढताना गळ्याखाली खळगा पडत होता आणि आतून करवतीसारखा आवाज येत होता. डॉक्टरांनी घशात चमचा घालून, मेणबत्ती जवळ धरून पाहायचा प्रयत्न केला. पोर खोकली, मेणबत्ती विझली. पण त्यांना दिसायचं ते दिसलं होतं.

"घटसर्प," ते मला म्हणाले. "पडदा पार खाली उतरलाय. मोठ्या दवाखान्यापर्यंत टांगा पोचायच्या आत ही जाईल."

म्हणजे गळा उघडायचा. बाहेरून, श्वासनळीला छेद देऊन, नळी बसवायची. इथं, आत्ता.

"शर्माजी, कंदील!"

शर्माजींनी कंदील उचलला आणि तसेच उभे राहिले. त्यात तेल नव्हतं. तेल मागच्या खोलीत डब्यात, आणि वाती ओल्या. स्टोव्ह सुटा. "बॅटरी!" बॅटरीत सेल नाहीत. "सेल कुठे ठेवलेत डॉक्टरसाहेब?" मी विचारलं. ते कपाटाकडे वळले, हात लांब केला, आणि हात तसाच राहिला. कपाट रिकामं होतं. "ठेवलेत मी... मीच ठेवलेत कुठेतरी," ते म्हणाले.

ज्या माणसानं आम्हाला वर्षानुवर्षं पट्ट्या बांधून रडवलं, त्याला स्वतः ठेवलेले सेल आठवेनात. मला त्यांच्यावर ओरडावंसं वाटलं, आणि त्यांच्याकडे पाहिल्यावर रडावंसंही वाटलं. पोरीचा तो आवाज हळूहळू बारीक होत चालला होता. आम्हाला माहीत होतं, आवाज बारीक होणं चांगलं नव्हे.

डॉक्टर पाटासमोर गेले. हात जोडले, आणि चाकू उचलला. झेंडूचं फूल खाली पडलं. "देवी, उचलतोय गं," एवढंच पुटपुटले. कुंकू स्पिरिटच्या बोळ्यानं पुसलं, मग चाकू, जखम उघडी धरायचे आकडे, चांदीची वाकडी नळी ताटलीत ठेवून वर स्पिरिट ओतलं आणि काडी लावली. निळी ज्वाळ भडकली आणि विझली. तेवढ्या उजेडात त्यांचा चेहरा दिसला मला. तो माझ्या ओळखीचा नव्हता.

"उजेड पाहिजे," ते म्हणाले. "हलणारा नको. एका जागी पडणारा पाहिजे." आणि मग एकदम, "सायकल! शर्माजी, मेरी साइकिल अंदर लाओ!"

त्यांच्या सायकलच्या मागच्या चाकाला डायनॅमो होता. सायकल आत आली, स्टँडवर चढली, मागचं चाक अधांतरी. पुढचा दिवा टेबलाच्या दिशेनं. पोरीला टेबलावर घेतलं, खांद्यांखाली टॉवेलची गुंडाळी, मान मागे. शर्माजींनी पाय धरले, मी डोकं धरलं. पॅडल मारायला कुणी उरलंच नाही. बापाशिवाय.

"हबीब, चढ़ो. पैडल मारो."

तो सीटवर बसला आणि चाक फिरवू लागला. दिवा आधी लाल झाला, मग पिवळा, मग लख्ख. प्रकाश बरोब्बर पोरीच्या गळ्यावर. आणि सायकलवर बसल्यामुळे त्या माणसाचं तोंडही बरोब्बर तिकडेच.

"आँखें बंद," डॉक्टर म्हणाले. "मैं बोलूँ तब तक खोलना नहीं. कुछ भी सुनाई दे, पैर रुकना नहीं चाहिए. जब तक तुम्हारे पैर चलेंगे, मुझे दिखेगा. समझे?"

"जी साब."

डायनॅमोची घरघर खोलीभर भरली. डॉक्टरांनी बोटानं जागा चाचपली. हात स्थिर होता, जसा गुरुवारी असायचा तसा. चाकू टेकवला. आणि नेमका त्याच वेळी पोरीचा आवाज थांबला.

पूर्ण थांबला. आम्हाला कळलं, आणि बापालाही कळलं. त्यानं डोळे उघडले असावेत. मला दिसलं ते एवढंच की प्रकाश पिवळा झाला, लाल झाला, आणि गेला.

"रुकना मत!" डॉक्टर ओरडले. पण हात थांबवला नाही. थांबवता येणारच नव्हता. अंधारात त्यांनी छेद दिला.

हबीब "या अल्लाह, या अल्लाह" म्हणत जीव खाऊन पॅडल मारायला लागला. प्रकाश परत आला. रक्त, आणि रक्तात बुडबुडा. डॉक्टरांनी आकडा घातला, नळी सरकवली. क्षणभर काहीच नाही. मग शिट्टीसारखा एक आवाज. आत गेला, बाहेर आला. परत आत गेला. माझ्या हातातलं तिचं डोकं जड होतं ते हललं, आणि ओठांवरचा तो काळा रंग हळूहळू उतरायला लागला. मी मोठ्यानं रडायला लागले. शर्माजी मला दटावत होते आणि स्वतःही रडत होते. हबीब अजून पॅडल मारतच होता. त्याला थांब म्हणायचं कुणाला सुचलंच नाही.

मग लस. ती बर्फाच्या पेटीत होती, थंडगार, जागेवर. डॉक्टरांनी अंधारातच हात घातला आणि काढली. मग टांगा करून मोठ्या दवाखान्यात. सबंध रस्ता नळी बोटांत धरून डॉक्टर बसले होते. दसरा त्यांनी तिथंच, त्या दवाखान्याच्या आवारात हबीबच्या शेजारी बसून काढला. मी आपट्याची पानं घेऊन गेले, तर त्यातली अर्धी त्यांनी हबीबच्या हातावर ठेवली. त्याच्या बोटांना नीळ लागलेली होती.

पोर जगली. बरेच दिवस राहून, नळी काढून, चालत घरी गेली. पण छेद जरा वर बसला होता. जिथं आवाज तयार होतो तिथल्या जागेला धक्का लागला. ज़ुबैदाचा आवाज घोगरा झाला तो कायमचाच. सात वर्षांच्या पोरीच्या तोंडून म्हाताऱ्या हुक्केवाल्याचा आवाज. पोरं चिडवायची. ती मग बोलेनाशीच झाली. पाणी हवं असेल तरी खूण करायची.

हबीबनं एकदा विचारलं होतं, माझ्या समोर. "साब, उस वक़्त मेरे पैर रुक गए थे। कहीं उसी से तो..."

"नहीं," डॉक्टरांनी त्याला वाक्य पुरं करू दिलं नाही. "तुम्हारे पैर बाद में रुके। मेरा हाथ हिला था। बूढ़ा हो रहा हूँ।"

मी तिथं उभी होते. कुणाचे पाय कधी थांबले ते मला माहीत होतं, त्यांनाही माहीत होतं. त्यांचा हात हलला नव्हता. हबीब गेल्यावर मी तोंड उघडलं तर म्हणाले, "सुमन, त्याला तिचा तो आवाज रोज घरात ऐकू येणार आहे. मला काही भैरवगढला राहायचं नाही, दोष माझ्याकडे राहू दे." आणि जरा वेळानं, "शिवाय कंदील मी रिकामे केले होते. त्यानं नाही."

त्यानंतर ते मधून मधून सायकलवरून भैरवगढला जायचे. औषध काही नसायचं. पोरीला समोर बसवून गप्पा मारायचे, तिला बोलतं करायचा प्रयत्न करायचे. ती मान हलवायची. ते परत यायचे आणि दिवसभर कुणावर तरी खेकसायचे. मला वाटतं, त्यांच्या हातून बरे झालेले शेकडो रोगी होते, पण रात्रंदिवस त्यांच्या कानात होती ती ही न बोलणारी.

शेवटचं मी त्यांना पाहिलं ते तिच्याच लग्नात. तोवर दवाखाना बंद झाला होता, सायकल सुटली होती, ऐकूही कमी यायला लागलं होतं. मुलगा पुण्याला न्यायला बसला होता. हबीब स्वतः टांगा घेऊन न्यायला आला, आणि मलाही बरोबर घेतलं. अंगणात मांडव, छापाच्या कपड्यांचे पडदे. पडद्यापलीकडे बायकांमध्ये नवरी. डॉक्टरांना त्यानं पुढे नेऊन अगदी पडद्याला लागून खुर्ची दिली. "आप यहाँ बैठिए. यहाँ से सुनाई देगा."

मला आत जागा मिळाली, पण पडद्याच्या फटीतून ते दिसत होते. काठीवर दोन्ही हात, मान पुढे, श्वास रोखलेला. मला माहीत होतं त्यांच्या मनात काय चाललंय. माझ्याही मनात तेच होतं. एवढ्या पाहुण्यांसमोर ती बोलणार का? पुष्कळ मुली नुसती मान हलवतात, लाजली म्हणतात आणि चालतं. तिला तर सवयच होती.

वडीलधारे तिची संमती घ्यायला आत आले. विचारलं. बायकांपैकी कुणीतरी तिच्या डोक्याला हात लावून मान खाली करायला लागली, तर तिनं तो हात बाजूला सारला.

"क़बूल है."

घोगरा, जाडा, मांडवाच्या पार टोकापर्यंत जाणारा आवाज. लहान पोरं दचकली. परत विचारलं, परत म्हणाली. तिसऱ्या वेळी तर पडद्याकडे तोंड करून म्हणाली.

मी बाहेर धावले. डॉक्टर खुर्चीतून उठायचा प्रयत्न करत होते आणि त्यांना उठता येत नव्हतं. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, पुसायचंही भान नव्हतं. माझा हात त्यांनी घट्ट धरला.

"ऐकलंस का गं, सुमन?" ते म्हणाले. "मला ऐकू आलं. मला सगळं ऐकू आलं."